जिंकोच्या गोळीने डिमेन्शिया टळत नाही

‘जिंको बिलोबाची गोळी रोज घ्या, म्हातारपणी डिमेन्शिया होणारच नाही’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज खरा नाही. (जिंको बिलोबा म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क; डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं.) अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३,०६९ जणांवर याची रीतसर चाचणी झाली. जवळपास निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे सहा वर्षं लक्ष ठेवलं. २००८ मध्ये निकाल लागला: जिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना डिमेन्शिया झाला, न घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना. (एवढ्या फरकावरून गोळीने अपाय होतो असंही म्हणता येत नाही.)

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिंको घेऊच नका. आईबाबांसाठी खर्च करायचाच असेल, तर आधी कान तपासून घ्या, बीपी आटोक्यात ठेवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या गोष्टींची यादी दिली; तिच्यात कमी ऐकू येणं आणि वाढलेलं बीपी हे दोन्ही आहेत.