दहापैकी चार

लाल शाईत दहापैकी चार, आणि खाली शेरा: ‘मुद्देसूद नाही.’ वही लेकीची, निबंध माझा. बावीस वर्षं ऑफिसात मसुदे लिहितोय. माझी पत्रं वाचून भलेभले ठेकेदार गार पडलेत. आणि बालकवींच्या दोन कवितांची तुलना करताना मी काठावर पास! लेकीने वही पुढ्यात ठेवली आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कविता ‘श्रावणमास’ आणि ‘औदुंबर’. मी दीड पान एकीला दिलं, दीड दुसरीला. शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही कविता सुंदर आहेत.’ मध्ये जन्म १८९०, धरणगाव. मृत्यू १९१८, भादलीजवळ रेल्वेखाली, हेही घातलं. जागा भरते.

नऊ मार्कवाल्या मैत्रिणीची वही एका रात्रीपुरती मिळाली होती. ती घेऊन चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, तर सोबत आमचीही वही गेली. त्याने स्पंजवर अंगठा ओला केला, पान उलटलं आणि मशीन थांबवून वाचायलाच लागला.

“कोणी लिहिलाय?”

“मुलीने.”

“मोठ्या माणसाने लिहिलाय. पोरं ‘तथापि’ लिहीत नाहीत.”

मागे रांग होती. त्याला फिकीर नव्हती.

“साहेब, ही तुलना नाही. आधी पॅसेंजर गेली, मग मालगाडी गेली. गाठ कुठे पडली? कविता धरायची नाही, मुद्दा धरायचा. हिरवा रंग घ्या. इकडे ‘हिरवळ दाटे चोहिकडे’, सगळा आनंदीआनंद. तिकडेही हिरवंच, पण त्या हिरव्या कुरणांतून वाट निघते ती थेट काळ्या डोहाकडे. झाला एक परिच्छेद. मग पाणी घ्या. इकडे सर आली, गेली, ऊन पडलं. तिकडे झाड पाण्यात पाय टाकून बसलंय, उठायचं नाव नाही. झाला दुसरा.”

“तुम्ही मराठीचे...?”

“छे हो, दहावी नापास. पण दर परीक्षेला हे शंभरदा मशीनमधून जातं. आठ ओळींची कविता, पाठ नाही होणार?”

एवढ्यात मागचे आधार कार्डवाले आजोबा पुढे सरसावले. “औदुंबराखाली दत्त महाराज असतात, ते लिहिलंय का? मार्क तिथेच गेले!”

“आजोबा, तुमचं कार्ड द्या,” झेरॉक्सवाला म्हणाला. आजोबा मात्र नरसोबाच्या वाडीला पोचले होते. एस्टीचं भाडं, घाटाच्या पायऱ्या, पेढे. दहा मिनिटं. मी मान डोलवत राहिलो, कारण माझी वही अजून काचेवर होती.

घरी येऊन नऊ मार्कांचा निबंध वाचला. निबंध कसला, तक्ता! डावीकडे ‘श्रावणमास: आनंद’, उजवीकडे ‘औदुंबर: उदासी’. पट्टीने आखलेला. बाईंचंही बरोबर असेल. साठ वह्या तपासायच्या तर नजर रकान्यावरूनच धावणार. पण त्या डोहावरचा काळिमा बालकवींनी ‘गोड’ म्हटलाय. तो ‘गोड’ कुठल्या रकान्यात घालायचा? हे ना बाईंनी विचारलं, ना नऊ मार्कवालीने. माझ्या तीन पानांतही तो नाही, हे मला झेरॉक्सवाल्यानंतर कळलं, आणि राग त्याचाच आहे.

आता लेक स्वतः लिहितेय. रंग, पाणी, मग ‘गोड’. मला खोलीत प्रवेश नाही. “बाबा, ‘तथापि’ला दुसरा शब्द सांगा,” एवढंच आतून आलं.

मी सांगितला नाही.