एल लावलेल्या गाडीमागे दहा सेकंद थांबता येत नाही?

गोव्यात बोरी पूल ओलांडून फोंड्याकडे चढताना आज संध्याकाळी माझ्या मागे ज्यांची पांढरी एसयूव्ही होती, ते माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये नसतील. पण त्यांच्यासारखे आपल्या प्रत्येकाच्या घरात एक-दोन आहेत, म्हणून इथेच लिहिते. लांबलचक होईल. डोकं अजून तापलेलं आहे.

पुढे बस थांबली म्हणून रांग थांबली. चढावावर मीही थांबले. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. पुढची गाडी हलली तसा क्लच हळूहळू सोडायला लागले. आणि मागून हॉर्न सुरू. एकदा वाजवून थांबले असते तर ठीक, पण हात काढायलाच तयार नाहीत. आरशात बघते तर त्यांचं बोनेट माझ्या डिकीला टेकायचंच बाकी. चढावावर नवीन माणसाची गाडी वीतभर मागे येऊ शकते, हे गाडी चालवणाऱ्या कोणालाही कळतं. त्यांनी ती वीतभर जागासुद्धा ठेवली नव्हती. मागच्या काचेवर शिकाऊ चालकाचा लाल एल दिसत होता. ऊन उतरलं होतं, पण अंधार पडला नव्हता. म्हणजे दिसलं नाही, असंही म्हणता येणार नाही. शेवटी उजवीकडून गाडी काढली, काच खाली केली आणि ओरडून गेले, "चलोवंक येना जाल्यार घरा बस गो!" म्हणजे, चालवता येत नसेल तर घरी बस.

घरी बसू? ठीक आहे. मग वेर्ण्याला नोकरीवर कोण जाणार? आईला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात कोण नेणार?

मी इतकी वर्षं स्कूटरवर गेले. जून ते सप्टेंबर रेनकोट घालून, चपला डिकीत ठेवून, झुआरी नदीवरच्या वाऱ्यात बोरी पुलावर स्कूटर सांभाळत. कंपनीची बस आहे, पण ती शिफ्टच्या वेळेला सुटते. क्वालिटीत काम करणाऱ्यांना माहीत आहे, बॅच अडकली की बस निघून जाते आणि आपण तिथेच. सात-साडेसातनंतर वेर्ण्याहून फोंड्याला थेट बस शोधून दाखवा. स्कूटर आहे म्हणून भागत होतं. पण आईच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिला मागे बसवणं बंद झालं, आणि दर वेळी टॅक्सीवाल्याला विचारायचं तर तो सांगेल तो आकडा. गाडी ही आमच्याकडे कधीच मिरवायची वस्तू नव्हती.

2025 च्या 22 सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हा हिशेब एकदाचा जुळला. शोरूमचं नाव घेत नाही. तिथे धाकटा भाऊ सोबत होता. पगार माझा, कर्ज माझ्या नावावर, सॅलरी स्लिपा माझ्या पिशवीत, आणि तो सेल्समन मायलेज सांगतोय भावाला. रंग तेवढा मला विचारला. टेस्ट ड्राइव्हची किल्लीही भावाच्या हातात. कोटेशनमध्ये एक्स-शोरूम, रोड टॅक्स, फास्टॅग हे सगळं कळलं. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2018 पासून सक्तीचा आहे, तोही कळला. पण खाली "हँडलिंग"चा एक आकडा आणि न मागितलेल्या अॅक्सेसरीजचं पॅकेज होतं. हे काय, म्हणून विचारलं तर उत्तर पुन्हा भावाला! मी कागद तिथेच ठेवला आणि दुसऱ्या शोरूममध्ये गेले. विमा कुठून घ्यायचा हे आपण ठरवायचं असतं, अॅक्सेसरीज नको म्हणता येतात. मैत्रिणींनो, म्हणा.

गाडी दसऱ्याला आली. फर्मागुढीच्या गोपाळ गणपतीसमोर नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि आईने स्टिअरिंगला म्हार्दोळच्या जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची माळ घातली. आईला पुढच्या सीटवर बसवलं तर किती तरी वेळ ती सीटबेल्टवरून हात फिरवत बसली होती. गाडी घरी आणली ती भावाने. मला चालवायला येत नव्हती.

इथून खरी कसरत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विचारलं तर नोकरीवाल्यांना सोयीची सकाळची सहाची वेळ आधीच भरलेली. अकराला या, तीनला या म्हणतात. अकराला मी लॅबमध्ये असते! शेवटी पहाटेची वेळ मिळाली, रस्त्यावर फक्त पोदेर, म्हणजे पाववाले, आणि आम्ही. नियम बघायचा तर शिकवणीत निदान 10 तास प्रत्यक्ष गाडी चालवायला मिळाली पाहिजे. मिळालं काय? एका गाडीत चौघे, एक चालवतो आणि तिघे मागे बसून बघतात. क्लच-ब्रेक त्या सरांच्या पायाखाली दुसरे असतातच, तेच दाबतात. आपण फक्त स्टिअरिंग धरायचं आणि गाडी मीच चालवतेय असं समजायचं. चढावावर एकदाही नेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पासिंगला चढ विचारत नाहीत." अहो, पण फोंडा तालुका आहे हा! घरातून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार.

म्हणून मग कंपनीतल्या एका ताईंना विचारलं. त्या फोंड्याच्याच, कित्येक वर्षं गाडी चालवतात. लर्निंग लायसनवाल्याच्या शेजारी लायसनवालं माणूस लागतंच, तर येता-जाता त्या डावीकडे बसायला तयार झाल्या. स्वतःची गाडी घरी ठेवून, बरं का. हँडब्रेकवर हात ठेवून बसतात आणि बोलत नाहीत. एवढंच सांगतात, "क्लच सोडताना बोनेट किंचित उचललं जातं, तिथे पाय थांबव." हे मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणीही सांगितलं नव्हतं. पाय तिथे थांबला की गाडी थरथरते, आवाज जड होतो, आणि मग हँडब्रेक सोडला तरी ती मागे जात नाही. आज त्याच क्षणाची वाट बघत होते मी. पाच सेकंद, फार तर दहा. तेवढ्यात तो हॉर्न.

हो, ऐन गर्दीच्या वेळी शिकाऊ माणूस रस्त्यावर आला की मागचे अडकतात, मान्य. पण नोकरी करणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या वेळी यायचं? ऑटोमॅटिक घेतली असती तर चढाचा त्रास कमी झाला असता, हेही खरं. हप्ता तुम्ही भरणार का? आणि गोव्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्यात, त्यात आणखी एक कशाला, असं म्हणणारे आहेतच. बरोबर आहे त्यांचं. रात्री साडेआठला वेर्ण्याहून फोंड्याला बस सुरू करा, मी गाडी दारात उभी ठेवते.

लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. ती एसयूव्ही पुढे गेल्यावर माझ्या मागे एक टिपर आला. टिपरवाल्यांना आपण सगळेच शिव्या देतो, मीही दिल्यात. त्याने काय केलं माहीत आहे? दोन गाड्या मावतील एवढं अंतर ठेवून थांबला. क्लीनर खाली उतरला आणि उजवीकडून घुसायला बघणाऱ्या दुचाक्या त्याने हात करून अडवल्या. हॉर्न नाही, काही नाही. ताई हळूच म्हणाल्या, "घे आता, सावकाश." गाडी थरथरली, हँडब्रेक सोडला, वर गेले. बोरी सर्कलजवळ बाजूला घेऊन थांबले तेव्हा डाव्या गुडघ्याला कंप सुटला होता. तो टिपर शेजारून गेला आणि ड्रायव्हरने खिडकीतून हात वर केला. साठीचा असेल. त्याला कोणी तरी कधी तरी असंच थांबून शिकू दिलं असणार. तोंडभरून आशीर्वाद देते त्याला.

आणि मग त्या एसयूव्हीवाल्याचा पुन्हा राग येतो. कारण त्या एका ओरडण्याने काय होतं हे मी माझ्या आजूबाजूला बघते. आमच्या विभागात लायसन असलेल्या कितीतरी बायका आहेत आणि गाडी चालवणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लायसन कपाटात, गाडी नवऱ्याकडे. प्रत्येकीकडे असाच एक प्रसंग आहे. कोणाची गाडी म्हापशाच्या बाजारात बंद पडली, कोणाची मडगावात, मागून कोणी तरी ओरडलं आणि घरी आल्यावर नवरा म्हणाला, "कशाला त्रास घेतेस, मी सोडतो ना." प्रेमानेच म्हणाला असेल. पण त्यानंतर तिने किल्ली पुन्हा उचलली नाही. वर्षाला अडीचशेच्या वर माणसं गोव्याच्या रस्त्यांवर मरतात. ती काय एल लावून चढावावर सावकाश क्लच सोडणाऱ्यांमुळे? काळ्या पाटीवर पिवळा नंबर असलेल्या रेंट-अ-कॅबला आपण समजून घेतो, पर्यटक आहे, रस्ता माहीत नाही म्हणून. मग आपल्याच गावच्या शिकणाऱ्या माणसाला का नाही?

उद्याही मी त्याच रस्त्याने जाणार आहे. ताई शेजारी असतील, एल मागे असेल.

आणि रविवारी सकाळी सहाला फर्मागुढीच्या चढावर आम्ही दोघी सराव करणार आहोत. त्या वेळी रस्ता मोकळा असतो. ज्यांचं लायसन कपाटात पडून आहे त्यांनी यावं. गाडी स्वतःची आणा आणि शेजारी बसायला लायसनवालं माणूस आणा. नवरा, भाऊ, मुलगा कोणीही चालेल, फक्त त्याने मोबाइल खिशात ठेवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. असं माणूस मिळत नसेल तर इनबॉक्समध्ये कळवा, ताई आळीपाळीने सगळ्यांच्या शेजारी बसायला तयार आहेत.