कॉलम अ‍ॅट्रिब्यूटमध्ये की एलिमेंटमध्ये? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. डेटाबेसमधलं टेबल एक्सएमएल फाइलमध्ये (टॅग लावून डेटा लिहायची पद्धत) उतरवताना प्रत्येक कॉलम एलिमेंट (उघडणारा-मिटणारा टॅग आणि त्यामधला मजकूर) न करता अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आतच लिहिलेली नाव-किंमत जोडी) करा, फाइल आटोपशीर होते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, ‘डेटा एलिमेंटमध्ये, मेटाडेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, हा साधा नियमही पाळलेला नाही.’ (मेटाडेटा म्हणजे डेटाविषयीची माहिती.)

फाइलच्या आकाराचा मुद्दा मागे घेतो. तेच ते टॅग जिझिप हा फाइल लहान करणारा प्रोग्राम इतके दाबून बसवतो की फरक फारसा उरत नाही.

नियम मात्र पटला नाही. लेखासारख्या मजकुरात तो चालतो, कारण टॅग काढून टाकले तरी वाचता येतो तो डेटा. रेकॉर्डमधले टॅग काढले तर उरतो नुसता आकड्यांचा ढीग. आणि तिथे मेटाडेटा म्हणायचं कशाला? प्रायमरी कीला, म्हणजे ओळ ओळखायच्या क्रमांकाला?

<ग्राहक क्रमांक="१०४२" फोन="" शेरा="उशिरा कळवा"/>

(हो, टॅगची नावं देवनागरीत चालतात.) यात फोन दोनदा लिहून बघा, पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) फाइलच नाकारेल; स्कीमा (फाइलीत काय कितीदा यावं याची नियमावली) लागत नाही. अ‍ॅट्रिब्यूटच्या क्रमाला अर्थ नसतो. टेबलाच्या ओळीतही कॉलम एकदाच येतो आणि क्रमावर काही अडत नाही. एलिमेंट मात्र कितीही वेळा येऊ शकतं, ते अडवायला स्कीमा हवा. नलचं (किंमत मुळात नाहीच, याचं) म्हणाल, तर वरचा फोन म्हणजे रिकामी स्ट्रिंग. नल असेल तर अ‍ॅट्रिब्यूट लिहायचंच नाही. एलिमेंटही गाळता येतं, कबूल, पण लोक सवयीने रिकामा टॅग ठेवतात आणि वाचणारा कोड बुचकळ्यात पडतो. म्हणून तर एक्सएसआय-निल (हे एलिमेंट नल आहे असं सांगणारी खूण) आणावं लागलं.

आता माझी खरी चूक, जी तुमच्याही नजरेतून सुटली: शेरा. एकदा तीन ओळींचे शेरे मी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये कोंबले. फाइल एडिटरमध्ये उघडली की तिन्ही ओळी दिसायच्या, आयात केल्यावर एकच सलग ओळ. दोन दिवस डेटाबेसला शिव्या घातल्या. दोष डेटाबेसचा नव्हताच. अ‍ॅट्रिब्यूटमधल्या न्यूलाइन (नव्या ओळीची खूण) आणि टॅबचं स्पेस करायचं, असं एक्सएमएलचं स्पेसिफिकेशनच सांगतं. न्यूलाइन कॅरेक्टर रेफरन्स म्हणून, म्हणजे 
 अशा कोडने, लिहिली तर टिकते, पण फाइल लिहिणारा प्रत्येक जण ते करेल यावर मी विसंबणार नाही. एलिमेंटच्या मजकुरात ओळी जशाच्या तशा राहतात.

तेव्हा ‘प्रत्येक कॉलम’ हे शब्द चुकलेच. लांब मजकुराचे कॉलम एलिमेंटमध्ये, बाकीचे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, अशी दुरुस्ती मूळ लेखात आजच करतो. उद्या एकाचे दोन फोन झाले तर काय, असंही तुम्ही विचारलंत. तेव्हा फोनचं वेगळं टेबल होईल, आणि एक्सएमएलमध्ये त्याची एलिमेंटं.