पासवर्ड डॉकरफाइलमध्ये लिहून झाकत नाही

माझ्या भाचीला नुकतीच पहिली नोकरी लागली आहे. ती डॉकर वापरते: प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका गाठोड्यात (इमेज) बांधून वेगळ्या कप्प्यात (कंटेनर) चालवणारं साधन. गाठोडं कसं बांधायचं (बिल्ड) ते डॉकरफाइलमध्ये लिहितात, आणि त्यातली ईएनव्ही ही ओळ प्रोग्रामला लागणारी व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेल्या किंमती, ठरवते. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "पासवर्ड कोडमध्ये नको, डॉकरफाइलमध्ये ईएनव्ही म्हणून लिहा. कंटेनरच्या आतलं बाहेर दिसत नाही. बदलायचा झाला तर व्हेरिएबल बदला, रिस्टार्ट करा. ट्वेल्व्ह-फॅक्टर (ॲप बांधायची बारा तत्त्वं) हेच सांगतं." पोरीने विश्वास ठेवून तसंच केलं आणि स्वतःच्या प्रोजेक्टची इमेज सार्वजनिक रजिस्ट्रीवर, म्हणजे कुणालाही इमेज उतरवून घेता येणाऱ्या साठ्यावर, चढवली.

"बाहेर दिसत नाही" हे धादांत खोटं आहे. मी तिला तिच्याच लॅपटॉपवर त्या इमेजची 'डॉकर हिस्ट्री' (ती कोणत्या ओळींनी बनली याची यादी) काढायला लावली, ओळी न छाटता. पासवर्ड अक्षरन् अक्षर समोर आला. कंटेनर तर चालूही नव्हता! ईएनव्हीची ओळ इमेजच्या कॉन्फिगमध्येच (सेटिंगमध्येच) नोंदली जाते. इमेज ज्याच्या हाती, पासवर्ड त्याच्या हाती. डॉकरफाइलमधल्या पुढच्या रन ओळीत (बिल्ड करताना चालणाऱ्या आज्ञेत) ते व्हेरिएबल 'अनसेट' केलं, म्हणजे काढून टाकलं, तरी ती नोंद पुसली जात नाही. हे माझ्या मनचं नाही. ईएनव्ही किंवा आर्गमधून (बिल्डच्या वेळी दिलेल्या किमतीतून) गुपितं देऊ नका, असं डॉकरच्या अधिकृत दस्तऐवजातच बजावलंय. व्हेरिएबलच्या नावात 'पासवर्ड' दिसला की अलीकडच्या आवृत्त्या बिल्ड करतानाच इशारा देतात. तो पिवळा मजकूर वाचायचे कष्ट मेसेज लिहिणाऱ्याने घेतले नाहीत, आणि निस्तरायची वेळ नवख्या मुलांवर आली.

ट्वेल्व्ह-फॅक्टरचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या लोकांनी २०११च्या सुमारास ते मांडलं, आणि कॉन्फिग एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या व्हेरिएबलमध्ये, ठेवा असं त्यात आहेच. पण कसोटीही तिथेच दिली आहे: या क्षणी कोड जगासमोर खुला केला तर एकही गुपित फुटता कामा नये. डॉकरफाइल कोडबरोबर गिटमध्येच, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या साठ्यातच, असते. म्हणजे पासवर्ड पुन्हा कोडमध्येच आला की! चालवताना बाहेरून व्हेरिएबल दिलं तर निदान इमेज तरी स्वच्छ राहते. तरीही त्या मशीनवर डॉकर वापरता येणाऱ्या कुणालाही 'इन्स्पेक्ट' (कंटेनरची माहिती दाखवणारी आज्ञा) केल्यावर ते दिसतंच.

रिस्टार्टचा मुद्दाही चूक. व्हेरिएबल कंटेनर तयार होताना ठरतात; नुसत्या रिस्टार्टने नवी किंमत येत नाही, कंटेनर नव्याने बनवावा लागतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्ये तर तेवढ्यानेही भागत नाही. डेटाची डिरेक्टरी रिकामी असतानाच, म्हणजे पहिल्यांदा, ती इमेज व्हेरिएबलमधला पासवर्ड घेते. म्हणून रविवारी दुपारी भाचीला डेटाबेसमध्ये शिरून 'ऑल्टर रोल' या आज्ञेनेच तो बदलावा लागला. जुनी इमेज रजिस्ट्रीवरून काढली, पण त्याआधी ती कुणी उतरवून घेतली का हे आम्हाला कळायला मार्ग नाही. नवा पासवर्ड आता गिटबाहेरच्या एका फाइलीत आहे. डॉकरचंच कंपोज हे साधन ती 'सीक्रेट' म्हणून कंटेनरला जोडतं, आणि व्हेरिएबलमध्ये फक्त त्या फाइलीचा पत्ता असतो.