डिग्री नसलेल्याला किती मिळतं ते आधी सांगा

ठाण्यात घरी फोन केला की सध्या एकच विषय, ताईचा मुलगा दहावी झाला, आता आयटीआय, डिप्लोमा की सरळ अकरावी. भावजींचं म्हणणं, पोरं शिकली की पगारातली दरी आपोआप मिटते, त्यामुळे डिग्रीच. मामा म्हणतो इंजिनीअर झालेली पोरं घोडबंदर रोडवर डिलिव्हरी करत फिरतायत, डिग्रीला आता विचारतंय कोण. मी डेन्मार्कमध्ये आरहूसला राहतो आणि मला दोघांचंही अर्धंच पटतं.

भावजींचा मुद्दा पोकळ नाहीये. यान टिनबर्गन नावाचे डच अर्थतज्ज्ञ होते, १९६९ चं अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, ते म्हणायचे की तंत्रज्ञान आणि शिक्षण यांची शर्यत चालू असते, तंत्रज्ञान पुढे पळालं आणि शिकलेली माणसं कमी पडली की त्यांचे पगार चढतात आणि दरी वाढते. अमेरिकेत १९८० नंतर बऱ्याच अंशी तसंच झालं. पण कम्प्युटर आणि रोबो तर डेन्मार्कमध्येही आलेच की. तरीही ओईसीडी या, बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेचे आकडे बघा, बारावीपर्यंत शिकलेल्यापेक्षा डिग्रीवाल्याला डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेत साधारण २०-३० टक्के जास्त मिळतात, अमेरिकेत ७० टक्क्यांच्या आसपास, आणि चिली, ब्राझीलमध्ये थेट दुपटीहून जास्त पगार. एवढी तफावत नुसत्या शिक्षणाने पडेल का?

इथे किमान वेतनाचा कायदाच नाहीये. २०२२ मध्ये युरोपियन युनियनने किमान वेतनाबद्दल नियम आणले तर डेन्मार्क त्याविरुद्ध कोर्टात गेला, कारण पगार युनियन आणि मालक संघटना आपसात करार करून ठरवतात आणि ही रीत १८९९ पासूनची आहे. मॅकडोनल्ड इथे १९८१ ला आलं तेव्हा हॉटेलवाल्यांचा करार मानायला तयार नव्हतं. मग १९८८-८९ च्या सुमारास दुसऱ्याच धंद्यातल्या युनियन उठल्या, बंदरातले लोक त्यांचा माल उतरवेनात, ट्रकवाले पोचवेनात, छापखाने त्यांची छपाई करेनात, आणि १९८९ ला कंपनीने करार मानला. बर्गर लावणाऱ्या मुलाला आज इथे बरे पैसे मिळतात ते त्याच्या मार्कशीटमुळे नाही, कधीकाळी गोदी कामगार त्याच्यासाठी थांबला म्हणून.

आपल्याकडे युनियन म्हटलं की १९८२ चा गिरणी संप आणि दत्ता सामंत आठवतात आणि घरातलं बोलणं तिथेच थांबतं. संप फसला, घरं उद्ध्वस्त झाली, ते खरंच आहे आणि ते दुःख मी लहान करत नाही. पण त्यातून मध्यमवर्गाने धडा घेतला तो असा, की एकत्र मिळून पगार वाढवायच्या भानगडीत पडायचं नाही, आपल्या पोराला शिकवायचं आणि त्या खालच्या गर्दीतून बाहेर काढायचं. मग क्लास, डोनेशन, एज्युकेशन लोन. खाली राहिलेल्याला काय मिळतं हा आपला प्रश्नच उरला नाही.

इथे शिक्षण फुकट, वर विद्यार्थ्याला सरकार महिन्याला खर्चाला पैसे देतं. आणि तरी जेम्स हेकमन आणि रासमुस लँडर्सो या अभ्यासकांनी दाखवलंय की आईबाप किती शिकले त्यावर मूल किती शिकणार हे डेन्मार्कमध्येही जवळजवळ अमेरिकेइतकंच ठरतं! फरक पडतो तो कमाईत, म्हणजे कमी शिकलेल्याचं पोर कमीच शिकलं तरी उत्पन्नात तेवढं मागे राहत नाही, आणि यात करारांनी दाबून ठेवलेल्या पगाराच्या दरीचा आणि टॅक्सचा मोठा वाटा आहे. मला तर हे वाचून भावजींचाच फोन आठवला.

याची किंमत आहे आणि ती मी भरतो. टॅक्स जबरदस्त. प्लंबर बोलवायचा तर दहादा विचार करावा लागतो, बरीच कामं आम्ही घरीच करतो, ठाण्यासारखं धुणंभांडी-स्वयंपाकाला बाई ठेवणं इथल्या नोकरदाराला परवडतच नाही. मला हे बरोबर वाटतं, माझा आराम दुसऱ्याच्या कमी पगारावर उभा नसावा. करारातून सुटणारे इथेही आहेत, सायकलवरून जेवण पोचवणारे आणि ऑफिसं पुसणारे बरेचदा परदेशीच असतात आणि त्यांच्यापर्यंत करार पोचवायची लढाई अजून चालूच आहे.

आता आपल्याकडचं बघा. २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोक तिला लाडका भाऊ योजना म्हणतात. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. एकाच ऑफिसात शेजारी बसून तेच काम शिकायचं तरी पैसे सर्टिफिकेट बघून, आणि यावर कोणी हूं की चूं केलं नाही, चर्चा झाली ती फक्त योजना बंद पडणार की राहणार यावर.

मामाचंही म्हणून पूर्ण पटत नाही. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, २०२४ च्या भारतातल्या रोजगाराच्या अहवालात २०२२ चा आकडा आहे, पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहितावाचता न येणाऱ्यांत ३.४. याचा अर्थ अडाणी राहिलं तर बरं असा कसा होईल, ज्याच्या घरी चूल पेटवायची आहे तो मिळेल त्या रोजावर जातो एवढंच. पदवीधर मात्र थांबतो, आईबापाच्या जिवावर एमपीएससी करतो, कारण खालची नोकरी म्हणजे ठेकेदाराकडे बारा तास आणि हातात काही नाही.

म्हणून भाच्याला डोळे झाकून आयटीआयला घाला असं मी म्हणणार नाही. इलेक्ट्रिशियनला इथे मान आहे, पण त्या मानाखाली कराराचा पगार आहे, तो नसताना नुसता मान काय कामाचा. ताईला एवढंच सांगितलंय की वागळे इस्टेटची आयटीआय बघायला जाशील तेव्हा रबाळे-महापेच्या कंपन्यांत गेलेली मागच्या बॅचची मुलं शोध, त्यांना विचार की अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनीच्या रोलवर किती जण लागले आणि ठेकेदाराकडे किती, आणि एकाच मशीनवर या दोघांच्या पगारात फरक किती आहे.