आकडा झाकला की शंका येणारच

शीतयुद्धानंतर ब्रिटनने अण्वस्त्रं निम्म्याहून कमी केली, म्हणून त्याच्या हेतूवर शंका घेऊ नका, असं ब्रिटनच्या अण्वस्त्रांवरच्या एका लेखात लेखकाचं म्हणणं आहे. कपात झाली हे खरंच. पण लेख २०१०पाशीच थांबतो. त्या वर्षी ब्रिटनने कबूल केलं होतं की २०२५च्या सुमारास एकूण साठा १८०च्या वर जाणार नाही. मार्च २०२१च्या नव्या संरक्षण धोरणात हीच मर्यादा २६० केली! शिवाय वापरासाठी सज्ज अस्त्रं किती, हे यापुढे सांगणार नाही असंही त्याच धोरणात लिहून टाकलं. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे.

इथे इंदूरला, लोकमान्य नगरात, संध्याकाळी बाकावर जमणाऱ्या आमच्या मंडळींत यावर चांगलीच खडाजंगी झाली. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "रशियाचं वागणं बदललं, ब्रिटनने काय करावं?" ठीक आहे, पण मग आकडा कशाला झाकायचा? उघडपणे कपात करता येते, हे आधी दिसलंच आहे. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या १९८७च्या आयएनएफ करारानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघाचे निरीक्षक एकमेकांच्या क्षेपणास्त्र कारखान्यांच्या फाटकावर तळ ठोकून होते आणि २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. दक्षिण आफ्रिकेने तर सहा तयार बॉम्ब मोडून आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना तपासणीसाठी दारं उघडली.

भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, म्हणून आपण बोलू नये, हे मला पटत नाही. ब्रिटनने १९६८मध्येच सही केली आहे आणि सहाव्या कलमाने निःशस्त्रीकरणाच्या प्रामाणिक वाटाघाटींचं बंधन स्वीकारलं आहे. लेखकाने २०२१च्या निर्णयावरही लिहावं, ही कळकळीची विनंती.