कोपराला गूळ

मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मी एका दुकानात, पिको-फॉलच्या मशीनशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, स्वहस्ताक्षरात माफीनामा लिहिला. ‘मी यापुढे टीव्हीवरील सामन्याचे मोबाइलने चित्रीकरण करणार नाही, कोणास करू देणार नाही, तसेच घरातील ज्येष्ठ व्यक्तीस त्यासाठी उत्तेजन देणार नाही.’ शेवटचं कलम केबलवाल्या शेठनी स्वतः सांगितलं. सोबत आधारची झेरॉक्स हवी होती. तीही त्यांच्याच दुकानात काढून मिळाली, तीन रुपये.

गुन्हा असा. रविवारी मुंबईचा सामना होता. तिकडे गुहागरला अवकाळी वाऱ्यात सुमनमावशीच्या गच्चीवरची छत्री फिरली आणि टीव्ही बंद. आई आणि मावशी, वय अनुक्रमे 79 आणि 76, दोघींना क्रिकेटचं वेड. आईचा जीव बहिणीसाठी तुटायला लागला. सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, “मामा, व्हिडिओ कॉल कशाला? लाइव्हच जातो. सगळ्यांनाच दिसेल.” त्याने मोबाइल कैरीच्या लोणच्याच्या बरणीला टेकवला आणि आम्ही प्रक्षेपण सुरू केलं. एकूण प्रेक्षक नऊ. त्यात मावशी, मावशीची सून, भाच्याचे सहा मित्र आणि एक सोफे विकणारा माणूस, जो सगळ्यांच्याच लाइव्हला येत असावा. अकरा मिनिटांनी ते आपोआप बंद पडलं. या अकरा मिनिटांतली अडीच मिनिटं स्ट्रॅटेजिक टाइमआउटची होती, म्हणजे मावशीने त्यात फक्त जाहिराती पाहिल्या. ही बाब माफीनाम्यात नमूद करा म्हटलं, तर शेठ म्हणाले जागा नाही.

मंगळवारी सकाळी बॉक्स मेला. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘आपल्या केबल ऑपरेटरशी संपर्क साधा’. मी साधला.

आता या शेठविषयी जरा सांगायला हवं, कारण माझा खरा राग तिथे आहे. नाशिकच्या आमच्या कॉलनीत 1994 साली केबल आणणारे हेच. तेव्हा ते सायकलवर यायचे, खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं. त्यांचं स्वतःचं एक चॅनेल होतं. शुक्रवारी थिएटरला लागलेला सिनेमा शनिवारी रात्री अकराला त्यावर दिसायचा. चित्र तिरपं असायचं. हीरो रडत असताना प्रेक्षकांतलं कुणीतरी खोकायचं. मध्यंतराच्या आधी एक जाड गृहस्थ उठून लघवीला जायचे, आणि त्यांची सावली हिरॉइनच्या तोंडावरून सावकाश सरकायची. तो सिनेमा पुढे कधी धड प्रिंटमध्ये पाहिला, तर ते गृहस्थ कसे आले नाहीत म्हणून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. खाली पट्टी पळत असायची, ‘चि. पिंट्यास प्रथम वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. त्या पट्टीचे शेठ 50 रुपये घ्यायचे. एकदा आमच्या भाचीच्या बारशाची पट्टी खलनायकाच्या चितेवरून पळाली होती. ताई अजून ते विसरलेली नाही.

तर हे शेठ. आता गळ्यात साखळी, फिरती खुर्ची, मागे लक्ष्मीचा फोटो. मला बघून त्यांनी आधी चहा सांगितला, मग मान हलवली.

“सर, तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“काय केलं मी?”

त्यांनी मोबाइल पुढे केला. वरून, म्हणजे कंपनीकडून, फोटो आला होता. आमच्याच दिवाणखान्याचा. टीव्ही, टीव्हीवर मुंबईचा गोलंदाज, त्याच्या छातीवर एक लांबलचक आकडा आणि डाव्या कोपऱ्यात एक कोपर.

“हे कोपर कोणाचं?”

“आईचं.”

“म्हणजे दोन जण सामील.”

“अहो, ती जप करत होती.”

“जप करत करत पायरसी, सर. कंपनी ते बघत नाही. हा नंबर बघते.” त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. “हा तुमच्या बॉक्सचा नंबर. वरून बटण दाबलं की प्रत्येकाच्या टीव्हीवर ज्याचा त्याचा नंबर उमटतो. याला म्हणतात फिंगरप्रिंट. ट्रायचा, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नियमच आहे. आणि हा तर दिसणारा झाला. न दिसणारा पण असतो.”

“न दिसणारा?”

“असतो, पण दिसत नाही.”

“देवासारखा.”

“देव सोडून देतो, सर.” शेठनी चहाचा घोट घेतला. “कायदा लई कडक झालाय आता. तेवीस सालापासून. तीन वर्षं आत, आणि दंड तीन लाखांपासून पुढे.”

तो कायदा मी पेपरात वाचला होता. “शेठ, तो सिनेमाचा कायदा. 2023 ची दुरुस्ती थिएटरातला सिनेमा चोरून रेकॉर्ड करणाऱ्याला आणि तो लोकांना दाखवणाऱ्याला आहे.”

शेठ पंख्याकडे बघायला लागले. पिको-फॉलवाल्या वहिनींनी मशीन थांबवलं.

“तो काळ वेगळा होता,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “करमणूक नव्हती लोकांना. ती समाजसेवा होती.”

“आणि सुमनमावशीला दाखवलं ती?”

“ती पायरसी.” मग आवाज बदलून, “बॉक्सचा नंबर सांगा. अर्जावर लिहावा लागतो.”

“तुमच्या फोटोत आहे की.”

“तो पुरावा आहे. अर्जावर ग्राहकाने सांगितलेला लागतो.”

बॉक्सच्या बुडाखालचा स्टिकर केव्हाच पुसला गेला होता. मी घरी फोन लावला. आई म्हणाली, “आहे माझ्याकडे, थांब.” तिच्याकडे तो होता, कारण रविवारी हा आकडा पडद्यावर उगवला तेव्हा ती काहीतरी बक्षिसाची योजना आहे असं समजली आणि तिने तो कालनिर्णयावर, संकष्टीच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या वर टिपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर दोनदा फोनही लावून पाहिला होता.

“लिही,” आई स्पीकरवर म्हणाली, आणि अख्खं दुकान लिहायला सरसावलं. ग्राहक, झेरॉक्सवाला पोऱ्या, सगळे. आईने आकडे वाचले. “पण शेवटचे दोन नाहीत रे. मी चष्मा लावेस्तोवर पळाला तो. अर्धा लीटर लिहिलंय ते घेऊ नकोस, ते दूध आहे. काय लागलंय बक्षीस?”

“निलंबन,” मी म्हणालो.

“बरं. येताना कढीपत्ता आण.”

शेवटचे दोन आकडे शेठनी पुराव्यातून घेतले. त्यासाठी त्यांना पुन्हा फोटो मोठा करावा लागला आणि आईचं कोपर पुन्हा सगळ्यांना दिसलं. वहिनी म्हणाल्या, पाटल्या छान आहेत.

इथवर मी हसत होतो. खरंच. पण ते माफीनाम्याचा मजकूर सांगायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं. नाशिकमध्ये 31 मार्च 2013 नंतर बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रांगेत उभं राहून बॉक्स घेणारा मी. ही सक्ती आली तरी का? चित्र स्वच्छ दिसावं हे एक. दुसरं म्हणजे केबलवाल्यांनी घरं चोरू नयेत. गल्लीत जोडण्या तीनशे आणि वर कळवायच्या साठ, हा त्या काळचा राजमार्ग होता. बॉक्स आला की घरागणिक मोजणी होणार, लपवालपवी संपणार. म्हणजे ज्यांच्यासाठी ही बेडी घडवली ते आता खुर्चीत बसून ती माझ्या हाताला बरोबर बसते का ते बघत होते. पुढे 2019 साली वाहिन्या निवडून पैसे भरायचा नियम आला. तेव्हा 100 वाहिन्यांचे 130 रुपये, करासह 153 रुपये 40 पैसे, आणि हव्या त्या वाहिन्यांचे वेगळे. तो फॉर्मही मी मुदतीत भरला. ओळखपत्र, पत्ता, फोन, सही. या देशात सामना फुकट बघणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव-गाव कुणाला ठाऊक नसतं. माझं होतं, कारण मीच ते दिलं होतं.

नाव ठाऊक नसलेल्या चोरांचीही एक गंमत आहे. खटला तर भरायचा, पण कुणावर? इंग्रजी मुलखात अशा अज्ञाताला जॉन डो म्हणतात. आपल्याकडच्या कोर्टात त्याचं नाव पडलं अशोक कुमार. खरंच. ‘अशोक कुमार व इतर’ यांनी आमचा सामना दाखवू नये, असे हुकूम निघतात. सिनेमातल्या अशोक कुमारांना, आपल्या दादामुनींना, कल्पना तरी असेल का! आपल्या देशात असा पहिला गाजलेला हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 साली दिला, फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी, आणि तो होता परवान्याशिवाय सामने दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध. त्या अज्ञातांत आमचे शेठ मोडत होते की नाही ते मी सांगू शकत नाही. पण तो विश्वचषक आमच्या कॉलनीने अंतिम सामन्यासकट व्यवस्थित पाहिला, एवढं मला आठवतं.

हे सगळं मी रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. हिशेबही केला. 2023 ते 2027 अशा पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. सामन्याला साधारण 118 कोटी पडतात, असं तेव्हा छापून आलं होतं. 40 षटकं धरली तर षटकाला तीन कोटींच्या घरात. अकरा मिनिटांतून टाइमआउट वजा केला तर आमच्या आईने सुमनमावशीला दोन षटकं, म्हणजे सहा कोटींचा माल, लोणच्याच्या बरणीला टेकून फुकट दाखवला. मी आयुष्यात एवढ्या मोठ्या व्यवहाराच्या जवळपास कधी गेलो नव्हतो.

त्याच रात्री अमेरिकेतलीही एक हकीकत सापडली. तिथे 2003 साली प्रसारण खात्याने नियम केला, की डिजिटल प्रक्षेपणात एक अदृश्य झेंडा घालायचा आणि जुलै 2005 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीने, रेकॉर्डरने तो झेंडा ओळखून नेटवर उचलेगिरी रोखायची. त्याविरुद्ध कोर्टात गेलं कोण, तर ग्रंथपालांची संघटना! आणि मे 2005 मध्ये जिंकली. कोर्टाने खात्याला सांगितलं, प्रक्षेपण घरात पोचल्यानंतर तिथल्या यंत्राने काय करायचं हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. वाचून मला भरून आलं. आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे. पण माझी तिथली वर्गणी थकलीय, त्यामुळे मी कोणत्या तोंडाने जाणार?

असो. माफीनामा घेऊन, जोडणी पुन्हा सुरू करण्याचे 200 रुपये घेऊन शेठ म्हणाले, “चोवीस तासांत चालू होईल.” या माणसाचे चोवीस तास मी तीस वर्षं ओळखतो. कोपराला गूळ लावून दिलेला असतो, चाटत बसा.

पावती मागितली, तर प्रिंटर बिघडलाय म्हणे.

घरी आलो तर आई नाही. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. समोरच्या काकांचा थोडा परिचय हवा. त्यांच्याकडे कुणाकडून तरी आणलेला एक काळा डबा आहे, वर्षाला एकरकमी पैसे, जगातल्या झाडून सगळ्या वाहिन्या. त्यांच्या डब्यावर सामना आमच्यापेक्षा चाळीस सेकंद उशिरा पोचतो. मागच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझी लेखी तक्रार केली होती, की हे लोक षटकार आधीच ओरडतात आणि आमचा रसभंग होतो. इतिवृत्तात ते नोंदलेलं आहे. अध्यक्षांनी मला समज दिली होती.

“या या, सर,” काका म्हणाले. “बॉक्स बंद पडला ना? आई सांगत होत्या. भराच तुम्ही पैसे.”

आई त्यांच्या सोफ्यावर मांडी घालून बसली होती. हातात जपमाळ, समोर शेंगदाण्यांची वाटी. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “अरे, यांच्याकडे ते आकडे-बिकडे काही येत नाहीत बघ मध्येमध्ये. किती स्वच्छ!” आणि शेजारी, काकांच्या फुलदाणीला टेकवलेला तिचा मोबाइल. व्हिडिओ कॉल चालू. रोख टीव्हीकडे.

मी म्हणालो, “आई, आत्ताच लिहून देऊन आलोय मी.”

“तू दिलंयस ना? मी कुठे दिलंय?”

“असू द्या हो,” काका म्हणाले. “आपल्याकडे कोण बघतंय?”

तेवढ्यात खालच्या तिन्ही मजल्यांवरून ‘आउट!’ अशी आरोळी उठली. काकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. सवय. टीव्हीवर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला पँटला चेंडू घासत होता. फुलदाणीपाशी मोबाइलमधून सुमनमावशीचा आवाज आला, “अगं, गेला की तो. तुझ्याकडे अजून उभाच?”

आई चमकली. “तुला कसं कळलं?”

“आमची छत्री दुपारीच सरळ केली बाई त्या पोराने. मी म्हटलं, तुला दिसत नसेल म्हणून फोन चालू ठेवला.”

मावशीने मोबाइल वळवला. तिच्या टीव्हीवर फलंदाज मान खाली घालून परत निघाला होता, आणि त्याच्या डोक्यावरून एक लांबलचक आकडा सरकत होता. आईने जपमाळ ठेवून पेन शोधायला सुरुवात केली.